तीन टनीवरची धूळ

१

सकाळी पावणेनऊला स्वप्नालीची, म्हणजे सुनेची, गाडी गेली की घर मुरलीधरच्या ताब्यात यायचं. ताब्यात म्हणजे काय, तर चहाचा कप विसळायचा, ज्या कपाटाला हे लोक प्रेस म्हणतात त्यात ठेवायचा आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचं. कपाटाला प्रेस म्हणणाऱ्या देशात माणसानं कुणाशी काय बोलावं?

मागची खोली गौरवची. पोराची. आयर्लंडमधल्या या ॲथलोन गावात घर घेतलं तेव्हा त्यानं ही खोली स्वतःसाठी मागून घेतली होती म्हणे. एक टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, रंगाच्या शंभरेक बारक्या बाटल्या, कपाळाला बांधायचं भिंग, आणि पेनाएवढी स्प्रे गन. टेबलाच्या मधोमध वीतभर लांबीचा लष्करी ट्रक. प्रायमर मारून ठेवलेला. त्याच्यापुढं काही नाही.

मुरलीधर सातवी नापास. पण नगरला लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात त्यानं चौतीस वर्षं रंग मारला होता, आणि हा ट्रक बघितल्याबरोबर त्यानं ओळखला होता. तीन टनी. असल्या किती गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या याचा हिशेब त्यानं ठेवला नव्हता, पण बॉनेटला हात लावून तो डोळे मिटून सांगू शकला असता.

गौरव नोव्हेंबरात गेला. रस्त्यावर दव गोठलं होतं, गाडी फिरली, समोरून दुधाचा टँकर येत होता. बापाला व्हिसा वेळेवर मिळाला नाही. डब्लिनला सगळं उरकलं. व्हिसा आला एप्रिलात, नव्वद दिवसांचा. बायको, कौसल्या, आली नाही. म्हणाली, "तिथं तो नाही, तर मी कुणाकडं येऊ?" मुरलीधर मात्र आला. कशाला आला ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. त्याचं एकच दुखणं होतं, पोराचं तोंड बघायचं राहिलं. शेवटचं एकदा बघितलं असतं, तर बाकी सगळं त्यानं गिळलं असतं.

हात रिकामे राहिले की त्याला राग यायचा. म्हणून जून लागल्यावर एक दिवस त्यानं बाटल्या उघडल्या, हिरव्यात काळा आणि पिवळा घोटला, वर्कशॉपात घोटायचा तस्साच, आणि ट्रकला पहिला हात दिला. झकास बसला रंग. ओळ नाही, ओघळ नाही. दिवा मालवून तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रंग फिका.

तसा उडालेला नाही, की पांढराही पडलेला नाही. कुणीतरी चार वावरं लांबून बघावा तसा. गाडी हातभर अंतरावर, आणि रंग लांबचा.

"वाळताना उतरला असेल," मुरलीधर मोठ्यानं म्हणाला. म्हणाला खरा, पण चौतीस वर्षांत वाळताना एवढा उतरलेला रंग त्यानं बघितला नव्हता.

२

त्यानं पुन्हा काही केलं नाही असं नाही. हट्टी माणूस. खडूनं रेघा मारून त्यानं गाडी झाडीत लपावी म्हणून मारतात ते कॅमफ्लाजचे पट्टे आखले, वर्कशॉपात दोन पोरं धरून आखायचा तसे, आणि मातकट रंगाचे पट्टे कडक कडेनं भरले. मग नदीवर चक्कर मारायला गेला. शॅनन नदी म्हणजे नुसतं शांत, रुंद पाणी. ना घाट, ना आवाज. तासाभरानं परत आला तर कडा विरघळलेल्या. हिरव्यात माती कुठं शिरली ते बोट ठेवून सांगता येऊ नये, इतकं बारीक काम. त्याच्या हाताला ते काम येतच नव्हतं.

संध्याकाळी स्वप्नाली कारखान्यातून आली. हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत ती होती. अंगातून सगळा जीव काढून घेतल्यासारखी यायची.

"मागच्या खोलीत तू जातेस का गं?"

"नाही अण्णा. मला नाही जाववत."

"मग त्या ट्रकला हात कोण लावतंय?"

"तुम्हीच लावताय की. सगळा टॉवेल हिरवा झालाय." मग जरा थांबून म्हणाली, "छान. लावा. तो तुमच्यासाठीच बनवत होता. पंच्याहत्तरीला द्यायचा होता. त्या ट्रकचा सेट मिळत नाही म्हणून दीड वर्ष एकेक भाग स्वतः कापलाय त्यानं."

मुरलीधरनं ताट पुढं ओढलं. भाजी वाढून घेतली.

"आणि रंग फिका करायचा असतो," ती म्हणाली. "गौरव म्हणायचा. लहान वस्तू म्हणजे लांबची वस्तू. मध्ये जेवढी हवा, तेवढा रंग कमी."

"हवा," मुरलीधर म्हणाला. "हवेला रंग मारायला शिकवलं त्याला कॉलेजात."

ती हसली, आणि हसता हसता उठून आत गेली.

त्या रात्री त्याला गेल्या वर्षीच्या जूनमधला व्हिडिओ कॉल आठवत राहिला. गौरव एक रणगाडा दाखवत होता, चाकांना चिखल, अंगावर धूळ, कडांना गंज. मुरलीधरचं डोकं फिरलं होतं. "आम्ही जन्मभर चिखल धुऊन रंग मारला म्हणून तू शिकलास. आणि तू कोऱ्या गाडीला चिखल फासतोस?"

"अण्णा, नुसती रंगवलेली गाडी खेळणं दिसते. धूळ बसली की ती कुठंतरी जाऊन आल्यासारखी वाटते."

"मग जा की कुठंतरी! टेबलाशी बसून काय धूळ लावतोस?"

त्यानंतर पोरानं काही दाखवलं नाही. बोलायचा, तब्येत विचारायचा, पण कॅमेरा टेबलाकडं वळवायचा नाही.

३

तिकिटाला अकरा दिवस उरले तेव्हा चाकांना चिखल लागला.

काळपट, तपकिरी, ओलसर चिखल. मुरलीधरनं बाटल्या तपासल्या, सगळ्या बंद. नाक खाली नेलं. रंगाला थिनरचा वास येतो. याला पावसात कुजलेल्या गवताचा येत होता.

दारावर टकटक झाली. शेजारचा डेक्लन. साठीचा, सैन्यात ड्रायव्हर म्हणून नोकरी काढलेला माणूस. गौरवचा वस्तू घट्ट धरायचा शिकंजा उसना नेला होता, तो परत करायला आला होता. मुरलीधरला इंग्रजी तोडकं यायचं आणि डेक्लनचं इंग्रजी त्याला इंग्रजीच वाटायचं नाही, त्यामुळं दोघांचं बरं जमायचं. मुरलीधरनं त्याला हाताला धरून आत नेलं आणि भिंग त्याच्या कपाळाला बांधलं.

डेक्लन बराच वेळ वाकून राहिला.

"बॉग," तो म्हणाला. "ही आपली माती. इथून दहा मैलांवर दलदलीचा रस्ता आहे, तिथली. ग्रँड काम केलंस, मुरली."

"नॉट मी."

"मग?"

"माय सन."

डेक्लननं भिंग काढलं. गौरवच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. तो पुन्हा चाकाशी वाकला आणि नखानं टायर दाखवला. "बाहेरची कड घासलीय, बघ. डाव्या पुढच्या चाकाची. ते रंगानं होत नाही. ते..." त्यानं हातानं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. "चालवून होतं."

जाताना तो दारात घुटमळला. रोजच्यासारखा हसलाही नाही. "मी तुझ्या जागी असतो तर ती खोली बंद ठेवली असती," एवढं म्हणाला. मुरलीधरला ते नीट कळलं, पण न कळल्यासारखं करून त्यानं मान हलवली.

४

त्या दिवसापासून मुरलीधरनं ब्रश हातात घेतला नाही.

सकाळी स्वप्नाली गेली की तो दोन कप चहा करायचा. एक टेबलावर ठेवायचा, ट्रकपासून जरा लांब, धक्का लागू नये म्हणून. मग खुर्चीत बसायचा. दारातून आत पाऊल टाकताना आवाज यायचा, टिक, टिक, मध्ये थांबून पुन्हा टिक. घड्याळ नव्हतं खोलीत. तो आवाज त्याला पाठ होता. लांबून आलेली गाडी शेडमध्ये उभी केली, इंजिन बंद केलं, की तापलेलं लोखंड थंड होताना असंच करतं. त्यानं बॉनेटवर बोट टेकवलं. कोमट. खिडकी उत्तरेकडं, ऊन यायचा प्रश्नच नाही. तरी त्यानं दिव्याची वायर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशीही कोमट.

डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला त्यानं चाकांभोवती खडूनं रेघ मारली. सकाळी चाकं रेघेच्या आत, खडू जागचा हललेला नाही, आणि मडगार्डाखाली पांढरं मीठ चढलेलं. समुद्राकाठच्या गाड्यांना चढतं तसं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मिठावर बारीक पिवळी धूळ. पिठासारखी. ताडपत्रीच्या घड्यांत, आरशांच्या मागं, दाराच्या फटीत. काचेवरही बसली होती. ड्रायव्हरच्या बाजूला मात्र वायपरनं पुसलेला पंख्याच्या आकाराचा तुकडा स्वच्छ.

रोज नवी धूळ. रोज थोडा रंग उडालेला. चालणारी गाडी.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, खोटं कशाला बोला. कितीतरी महिन्यांनी त्याला सकाळी लवकर उठावंसं वाटत होतं. "सावकाश चालव," तो ट्रकला म्हणायचा. "उताराला गियरमध्ये ठेव. आणि खात जा काहीतरी." एकदा म्हणाला, "चांगली बसलीय धूळ. मला नसती जमली." हे म्हणायला त्याला वर्ष लागलं होतं. ऐकायला खोलीत कुणी नव्हतं, निदान दिसत तरी नव्हतं.

रात्री जेवताना त्यानं स्वप्नालीला विचारलं. इतके दिवस विचारायचं टाळलं होतं.

"तू बघितलंस ना त्याला? शेवटी? कसा दिसत होता?"

तिनं चमचा खाली ठेवला.

"मलाही दाखवलं नाही अण्णा. इथं पेटी उघडी ठेवतात, सगळे येतात, बघतात, हात लावतात. त्याची बंद ठेवली. मी बघायला मागितलं तर अंत्यविधी करणाऱ्या बाई म्हणाल्या, नको. तुझ्या मनात आहे तसाच राहू दे." ती थाळीकडं बघत होती. "टँकर होता हो."

त्या रात्री पहिल्यांदा त्याला वाटलं, की एवढ्या लांबून गाडी चालवत पोर येतंय ते कुठल्या तोंडानं?

५

तिकिटाला चार दिवस असताना चाकांना काळी माती लागली.

भिंगाची गरजच पडली नाही. काळी, चिकट, वाळल्यावर तडकलेली, आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे कण. भिंगारच्या पुढं, त्याच्या घराकडं वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एवढंच असतं. पाऊस पडला की सायकल उचलून न्यावी लागते त्या मातीतून. मागच्या चाकाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं काढलं. बाभळीचा काटा, केसाहून बारीक.

आणि मग त्यानं चिमटा खाली ठेवला.

गाडी दलदलीतून निघाली, समुद्राकाठानं गेली, वाळवंटातून गेली. तो मूर्खासारखा रोज चहा ठेवत बसला होता, पोर आपल्याकडं येतंय म्हणून. पोर त्याच्याकडं येतच नव्हतं. पोर घरी चाललं होतं, आणि बाप इथं बसला होता.

त्यानं स्वप्नालीला कामावर फोन लावला. तो कधी लावत नसे.

"मला आज जायचंय. आजच्या आज."

"अण्णा, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"छातीला काय धाड भरलीय? तिकीट बदल."

"चार दिवसांवर तर आलंय. आज निघालात तरी उद्या संध्याकाळशिवाय पोचणार नाही तुम्ही. कशासाठी, ते तरी सांगा ना."

त्यानं फोन ठेवला. ट्रककडं बघत उभा राहिला. बॉनेट आता कोमट नव्हतं, चांगलं तापलेलं होतं, आणि टिकटिक थांबली होती. टिकटिक इंजिन बंद असताना होते. चालू असताना होत नाही.

६

घड्याळात दोन वाजत होते. म्हणजे तिकडं साडेसहा. त्यानं कौसल्येला फोन लावला.

"जेवलात का?" ती म्हणाली. तिचं पहिलं वाक्य नेहमी हेच.

"तू कुठंयस?"

"असणार कुठं? ओसरीवर. आत्ता नळ आला होता, भरून घेतलं. पाऊस झाला हो दुपारी. सगळा रस्ता चिखल झालाय." मग म्हणाली, "अहो, थांबा जरा. मोठी गाडी वळली वाटतं आपल्याकडं."

मुरलीधरनं फोन कानाला दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचं भिंग उचलून डोळ्यांवर चढवलं. तीन टनीच्या केबिनला मागं एक छोटी काच असते, मागचा माल बघायला. गौरवनं तीही बसवली होती, नखाएवढी. तो त्या काचेशी वाकला.

आधी नुसतं धुरकट दिसलं. मग डोळा ठरला.

एक मान दिसली. शर्टाची कॉलर एका बाजूला आत दुमडलेली, कितीही वेळा नीट केली तरी दुमडायची तशी. मानेवर केस वाढलेले. त्यांत धूळ. आणि मानेच्या पलीकडं, पुढच्या काचेवर वायपरनं पुसलेल्या पंख्यातून, एक फाटक. हिरवं. त्यानंच रंगवलेलं. फाटकाच्या आत तीन पायऱ्या. पायऱ्यांवर एक बाई उभी, एका हातात फोन, दुसरा हात कपाळावर आडवा धरून उजेडाकडं बघणारी. तिचे ओठ हलले.

आणि पळभरानं फोनमध्ये आवाज आला, "कोण आहे?"

"गौरव," मुरलीधर काचेला म्हणाला. श्वासानं काच धुरकटली, त्यानं बाहीनं पुसली. "बाळा, मागं वळ. एकदा वळ. मी इथं मागं आहे."

मान हलली नाही. ऐकू आलं असेल, नसेल. कौसल्या पायऱ्या उतरली. फाटकाशी आली. तिनं मान वर करून केबिनमध्ये पाहिलं, आणि मुरलीधरनं तिचं तोंड पाहिलं. चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. त्या तोंडावर काय होतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, मान बाजूला झाली आणि सीट रिकामी राहिली. काचेपलीकडं आता टेबलाची कड होती आणि रंगाच्या बाटल्या.

उरला फोन.

"कौसल्या!"

"उतरला हो," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"कोण काय विचारता?"

सांगायचं असतं तर आत्ताच सांगायला हवं होतं. आत जा, कडी लाव, शेजारच्यांना हाक मार. ते सगळं जिभेवर आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"तोंड बघ त्याचं. मला सांग कसा दिसतो."

"दिसतोय कुठं? मातीनं भरलंय सगळं तोंड. केवढ्या लांबनं आलाय. थांबा, पदरानं पुसते."

फोनमध्ये कापडाचा आवाज आला. खसखस. मग थांबला. मग पुन्हा. पुन्हा. मुरलीधर मोजत नव्हता, पण एका तोंडाला लागेल त्याहून तो वेळ कितीतरी जास्त होता.

"अहो."

"काय?"

"पुसतेय तेवढी खाली आणखी धूळच लागतेय हाताला."

ती घाबरलेली नव्हती. पोराला न्हाऊ घालताना बाई वैतागते तशी बोलत होती. घाबरला होता तो. रंगाखाली प्रायमर असतो, प्रायमरखाली लोखंड. कितीही घासलं तरी खाली काहीतरी लागतंच. हे त्याला जन्मभर माहीत होतं, आणि आता त्याला पुढची खसखस ऐकवत नव्हती.

"काही बोलतोय का?" त्यानं विचारलं.

"नाही. उभाय नुसता. मान खाली घालून. तुमच्यावर रागावलाय वाटतं."

खिडकीबाहेर डेक्लनच्या अंगणात कापडं वाळत होती. लख्ख उजेड होता. मुरलीधर टेबलाची कड धरून उभा राहिला. समोरचा ट्रक इतका फिका झाला होता, की प्लास्टिकचा आहे की नुसती हवा आहे ते कळू नये.

"पुसू नको आता," तो म्हणाला. "आहे तसा राहू दे. आत घे त्याला."

तिकडं फोन कठड्यावर ठेवल्याचा आवाज आला. फाटक वाजलं. आणि मग पायऱ्या चढल्या, दोघांनी.